गाडीच्या फरशीवरचं डांबर खरवडावं की राहू द्यावं?

रिकामा_पत्रा:
जुनी हॅचबॅक फक्त रेसट्रॅकसाठी ठेवली आहे. मागची सीट, कार्पेट, स्टेपनी आधीच गेली. उरल्यात आवाज कमी करायला फरशीच्या पत्र्याला चिकटवलेल्या डांबरी शीट. माझं मत, त्याही निघाल्या पाहिजेत. पोर्शेने १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या हलक्या आवृत्तीत आवाजरोधक सामान काढलंच होतं. होंडाने १९९२ च्या एनएसएक्स-आरमध्ये तेच केलं आणि गाडी सुमारे १२० किलोने उतरवली. कंपन्यांना चालतं, मग आपल्यालाच का जड जातं?

तेलकट_हात:
असहमत. त्या १२० किलोंत डांबर किती, ते सांगा की. स्टेपनी गेली, स्टिरिओ गेला, सीट आणि चाकं हलकी आली, तेव्हा तो आकडा झाला. छोट्या गाडीतल्या सगळ्या शीट मिळून दहाएक किलो धरा. हजार किलोच्या गाडीत एक टक्का. शिवाय हे वजन अगदी तळाला आहे. ते काढलं की गुरुत्वमध्य किंचित वरच सरकतो! टपावरचे दोन किलो कमी झाले तर वळणावर जास्त फायदा. तुमची ड्रायव्हर सीट अजून कंपनीचीच आहे ना?

रिकामा_पत्रा:
आहे. पण सीटला पैसे पडतात, डांबराला फक्त घाम. थेंबे थेंबे तळे साचे.

ठणठणपाळ:
दोघांचंही एका गोष्टीकडे लक्ष नाही. ही शीट आवाज अडवत नाही, पत्र्याला थरथरू देत नाही. स्टीलच्या ताटाला चमचा मारा, ते वाजत राहतं. कडेला बोट टेकवा, गप्प. शीट म्हणजे ते बोट: पत्रा वाकतो तसं डांबर ताणलं जातं आणि थरथर उष्णतेत जिरते. बाहेरचा आवाज अडवणारे फेल्ट आणि जड रबरी थर वेगळे. त्यामुळे शीट काढल्यावर गाडी नुसती मोठ्याने वाजत नाही, ठरावीक आरपीएमला अख्खी फरशी घुमते. ट्रॅकवर हेल्मेट आणि इअरप्लग असतात, वीस मिनिटांचा मामला. रोजच्या गाडीत मात्र हा वेडेपणा आहे.

पस्तावलेली_पूर्वा:
तो वेडेपणा मी केलाय. रोजच्या गाडीत. पहिल्या दिवशी मजा आली, मडगार्डच्या आत उडणारा खडा न् खडा ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी वाटलं, बेअरिंग गेलं. गेलं नव्हतं, गिअरबॉक्सचा तो सूर आधीपासूनच होता, मला ऐकू येत नव्हता इतकंच. कार्पेटखालचं फेल्टही काढलं होतं, त्यामुळे एक्झॉस्टच्या बोगद्यालगत पाय भाजायला लागले. इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरचा थर तेवढा वाचला होता. त्याला हात लावू नका, तो उष्णताही अडवतो. दोन महिन्यांनी सगळं परत चिकटवलं.

तेलकट_हात:
हेच म्हणत होतो.

ठणठणपाळ:
काढायचंच असेल तर हीट गन नको. शीट रंगाच्या भट्टीत वितळूनच पत्र्यावर बसलेल्या असतात. तापवल्या की चिकट राड होते. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाका, उणे ७८ अंशांना डांबर काचेसारखं ठिसूळ होतं, हातोडीने टिचतं. पण सगळी दारं उघडी ठेवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, फरशीवरच साठतो, आणि तुमचं तोंड नेमकं तिथेच असणार. जाड हातमोजे हवेतच. छन्नीने रंग खरवडला तर लगेच प्रायमर मारा, नाहीतर दहा किलोंच्या बदल्यात गंज मिळेल.

रिकामा_पत्रा:
अपडेट. मागच्या फरशीचं आणि डिकीचं निघालं. काट्यावर ४ किलो ३०० ग्रॅम. पूर्वाताईंचं वाचून पुढचं ठेवलं. तरी म्हणतो, काढलं ते बरंच केलं. तेलकटराव, हसू नका.

तेलकट_हात:
हसत नाही. सीट कधी बदलताय?