पाठ केलेलं फक्त दोन मिनिटांना पुरतं

तुम्ही लिहिलंय की मुलीने ए-लेव्हल (ब्रिटनमधली बारावीच्या तोडीची परीक्षा) फ्रेंचच्या तोंडी परीक्षेसाठी 'लाइसिते', म्हणजे फ्रान्समधली धर्मनिरपेक्षता, हा विषय घेतलाय आणि ती सगळं पाठ करतेय. विषय छान आहे, पण पाठांतर थांबवा. एक्यूए या तिथल्या परीक्षा बोर्डाच्या परीक्षेत सादरीकरण असतं जेमतेम दोन मिनिटांचं, त्यानंतरची चर्चा मात्र नऊ-दहा मिनिटं चालते. खरा कस लागतो तो तिथे.

माझ्या मुलीला 9 डिसेंबर 1905 चा, धर्मसंस्था आणि सरकार वेगळे करणारा फ्रान्सचा कायदा तोंडपाठ होता. घरी सराव घेताना मी सहज विचारलं, "मग अल्सासमध्ये सरकार पाद्रींना पगार का देतं?" ती गप्पच झाली. कायदा झाला तेव्हा पूर्व फ्रान्समधले अल्सास आणि मोझेल हे भाग जर्मनीकडे होते, म्हणून तिथे पगाराची जुनीच व्यवस्था राहिली. हे शोधताना तिला विषय खऱ्या अर्थाने कळला. 2004 च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आली, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलायची तयारी हवीच.

आणखी एक, सालं मोठ्याने म्हणायला लावा. 'मिल नफ सां सँक' (म्हणजे 1905) म्हणताना आमची मुलगी रोज अडखळायची. आठवडाभर भाजी चिरता चिरता म्हणून घेतलं, मग जीभ वळली. प्रश्न नीट कळला नाही तर पुन्हा विचारायचं वाक्यही तयार ठेवा. तुम्हाला फ्रेंच येत नसलं तरी चालेल, मराठीत "का?" विचारत राहा, तिला फ्रेंचमध्ये उत्तर देऊ दे.