पणजोबांच्या आजोबांची पेढी होती म्हणे, कागद कुठे शोधायचे?

पूस_काठचा:
नमस्कार मंडळी. पुसद तालुक्यातल्या एका खेड्यातले आम्ही, आडनाव आणि गाव इथे टाकत नाही. घरात सगळे सांगतात की माझ्या पणजोबांचे आजोबा हिंगोलीहून बैलगाडीनं इकडे आले, कापसाची अडत टाकली, सावकारी पण केली. आता त्यातलं एक किराणा दुकान उरलंय, तेही उधारीवर. दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली तर लाल कापडाच्या दोन लांबट वह्या निघाल्या, मधोमध वाळवीनं खाल्लेल्या, आणि चार घड्या घातलेलं एक गहाणखत, वर राणीचं डोकं असलेला स्टॅम्प. सगळं मोडीत. आकडे तेवढे समजतात, तर त्यावर चक्क सन १२८७! हे तर शिवाजी महाराजांच्याही साडेतीनशे वर्षं आधीचं झालं ना? यवतमाळला आडनावावरून शोधायचा प्रयत्न केला, काहीच निघालं नाही. आता कुठून सुरुवात करू?

मोडीवाली_ताई:
दादा, १२८७ हा फसली सन आहे, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं जुनं सरकारी वर्ष. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे १८७७-७८ आलं, राणीच्या डोक्याशी बरोबर जुळतं. वह्यांमध्ये मात्र फसली असेलच असं नाही, व्यापारी लोक शके नाहीतर संवत लिहायचे, शकेत ७८ मिळवा आणि विक्रम संवतातून ५७ वजा करा, एखादं वर्ष इकडे तिकडे होतं.
आडनाव शोधत बसू नका, त्या काळच्या कागदात बहुतेक वेळा आडनाव नसतंच. "अमुक वल्द तमुक, जात वाणी, साकिन मौजे फलाणे" असं असतं. म्हणजे माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच हाती लागतं.
आणि तो स्टॅम्प आधी उलटा करून बघा! मागच्या बाजूला स्टॅम्प विकणाऱ्यानं नंबर, तारीख, कोणी घेतला आणि राहणार कुठला हे खरडलेलं असतं. लोक पुढची बाजू फोटो काढून पाठवतात आणि मागची विसरतात, माझ्याकडे दहातले आठ जण असेच. घडी उघडताना ओढू नका, कागद कडक झाला असेल तर घडीवरच तुटतो. आणि सेलोटेप अजिबात नको, हात जोडते.

रिटायर_पटवारी:
भाऊ, यवतमाळात काय सापडीन तुले? पुसद तालुका १९०५ पावतर वाशीम जिल्ह्यात होता, इंग्रजी कागदात त्याले बासीम लिहित. मंग तो जिल्हाच मोडला, वाशीम गेलं अकोल्यात अन् पुसद यवतमाळात, अन् यवतमाळ जिल्ह्याचंही नाव त्याच्या आधी वणी होतं. १९९८ ले वाशीम पुन्हा जिल्हा झाला. म्हणजे तुह्या शेठजीचा कागद बसल्या जागी तीन जिल्हे फिरला असन.
आता खरी गोष्ट आयक. शेठजीले शेठजीच्या कागदात शोधू नोको, कुळाच्या, म्हंजे कर्ज घेणाऱ्याच्या, कागदात शोध. सावकाराची वही सावकाराच्याच घरी राहे अन् तिले वाळवी खाये, तू पाह्यलंच. पण ज्याचं वावर गहाण पडलं त्याच्या गहाणखतात, खरेदीखतात, कोर्टाच्या डिक्रीत सावकाराचं नाव बापासकट येते. अमेरिकेतल्या लढाईपायी १८६१ ते ६५ कापूस सोन्याच्या भावानं गेला, मंग भाव पडले, पुढं १८९६-९७ अन् १८९९-१९०० चे दोन दुष्काळ, तवा कित्येक वावरं इकडची तिकडं झाली. तो सगळा कागद कुळाच्या नावानं आहे. गहाणखतात ज्याचं नाव हाय त्याचे वारस गावात असतीनच, त्यायच्या घरी चहा प्याले जाय. पण आदरानं जाय बरं, काईच्या मनात अजून राग हाय.
दुय्यम निबंधकाकडं सगळे इंडेक्स टू मागतात, तो जमिनीवरून असते. तू इंडेक्स वन माग, तो माणसाच्या नावावरून असते, देणारा अन् घेणारा दोघंही.
अन् नावाचं एक. पेढीचं नाव "अमुकचंद तमुकचंद" अशी जोडी असते, त्यात एक बाप अन् एक पोरगा, कधी दोघं भाऊ, कधी पयला मरून चाळीस वर्स झाले तरी पाटीवर तोच. जोडीले एकच माणूस समजला की वंशावळीत एक पिढी गायब.

त्र्यंबकची_वारी:
कोतवाल बुक पण बघा ना, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, आणि जुन्या शाळेचं दाखल-खारीज. जात पडताळणीसाठी आमच्या भावानं हेच काढलं होतं. शिवाय त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असते, गाव आणि आडनाव सांगितलं की पोथी काढून वाचून दाखवतात, आमच्या तर सात पिढ्या निघाल्या. हिंगोली मात्र १९४८ पर्यंत निजामाकडे, तिकडचे जुने कागद उर्दूत पण असतात, मोडीवाल्याबरोबर उर्दूवाला पण धरून ठेवा.

पूस_काठचा:
ताई, स्टॅम्प उलटा केला आणि हात थरथरायला लागले! आमच्या गल्लीतल्या मोडीचा क्लास केलेल्या पोरीकडून वाचून घेतलं, मागे पणजोबांच्या आजोबांचं नाव आहे, वल्द करून त्यांच्या बापाचंही आहे, जे आजवर घरात कोणालाच माहीत नव्हतं. पण साकिन हिंगोली नाही, कारंजे आहे!! आत्याला सांगितलं तर ती चिडली, म्हणे तुझी पोरगी चुकीचं वाचते, हिंगोलीच आहे. आता प्रश्न असा की हे कारंजा लाड का कारंजा घाडगे? एक वाशीम जिल्ह्यात, एक वर्ध्यात.

रिटायर_पटवारी:
गावाच्या पुढचा शब्द वाचून घे, परगणा लिहिला असन. घाडग्याचं कारंजा वर्धा नदीच्या पल्याड, तिकडं १८५३ पावतर भोसल्याचं राज, मालगुजारी, म्हंजे गावाचा सारा मालगुजार गोळा करे. लाडाचं अलीकडं, निजामाचं वऱ्हाड. शब्द अर्धा वाळवीनं खाल्ला असन तं फोटो टाक, आम्ही भांडत बसतो.