अनुभव धागा: व्हीएमला आयपी देताना तुमचं कुठे अडलं?

आमच्याकडे मागच्या आठवड्यात एक नवीन मुलगा जॉइन झाला. त्याला चार व्हीएम (एका खऱ्या मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीन) उभ्या करायला दिल्या आणि संध्याकाळपर्यंत एकही दुसरीला पिंग होईना, म्हणजे एकीने हाक मारली तर दुसरीचं उत्तर येईना. मुलगा हुशार आहे, मेहनतीही आहे, पण व्हीएमला आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता देणारे किती जण असतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. हायपरवायझरचा (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःचा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) असतो, ऑफिसचा राउटर असतो, आतल्या ओएसची फाइल असते, कधी क्लाउड-इनिट (व्हीएम सुरू होताना तिची सेटिंग लिहिणारं सॉफ्टवेअर) असतं आणि प्रत्येकाला वाटतं पत्ता आपणच द्यायचा. म्हणून हा धागा काढतोय. जे झालं ते नीट सविस्तर लिहा, कसं शोधलंत ते तर नक्की लिहा.

सुरुवात मी करतो. तेव्हा मी विक्रोळीला होतो. एका टेस्ट व्हीएमला स्टॅटिक आयपी (हाताने दिलेला, न बदलणारा) द्यायचा होता, १९२.१६८.१.५० ला पिंग केलं, उत्तर नाही आलं, म्हटलं रिकामा आहे, दिला. रात्रीची वेळ होती आणि तो पत्ता अकाउंट्सच्या एका लॅपटॉपचा होता जो तेव्हा बंद होता. सकाळी त्या मॅडमचं नेट दोन मिनिटं चालायचं, दोन मिनिटं बंद, आणि सगळे केबल बदलत बसलेले. शेवटी दुसऱ्या मशीनवरून एआरपी टेबल (कोणता आयपी कोणत्या मॅकचा याची यादी, मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) थोड्या थोड्या वेळाने बघितलं तर त्याच आयपीसमोर मॅक बदलत होता, आणि त्यातला एक ००:०सी:२९ ने सुरू होणारा. ही सुरुवात व्हीएमवेअरची, म्हणजे माझीच मशीन. पिंगला उत्तर नाही म्हणजे पत्ता मोकळा, असं धरून चालू नका. त्यानंतर डीएचसीपीचा पूल, म्हणजे तो वाटतो ते पत्ते, १०० ते २०० केला, स्टॅटिक सगळे १०० च्या खाली, आणि प्रत्येकाची नोंद एका शीटमध्ये.

डोंबिवलीहून:
दादा, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझा अनुभव छोटा आहे पण माझे त्यात तीन दिवस गेले. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन उबुंटू (लिनक्स) टाकल्या, दोघींचा आयपी १०.०.२.१५. मला वाटलं क्लोन करताना चूक झाली, पुसून परत टाकल्या, परत तेच. मग आमच्या एका सीनियर ताईने लोकलमध्ये उभ्या उभ्या समजावलं की नॅट मोडमध्ये प्रत्येक व्हीएमला तिचा वेगळा खासगी राउटर मिळतो, गेटवे १०.०.२.२, आणि आतली मशीन कायम १५ नंबरची, म्हणजे दोन वेगळ्या बिल्डिंगमधले दोन फ्लॅट, दोन्हींचा नंबर १५, मधे रस्ताच नाही. उपाय सोपा निघाला. नॅट तसंच ठेवलं इंटरनेटसाठी आणि दुसरं अडॅप्टर होस्ट-ओन्ली (होस्ट म्हणजे खरा कॉम्प्युटर, फक्त त्याचं आणि व्हीएमचं आपसातलं नेटवर्क) लावलं, तिथे १९२.१६८.५६ ची रेंज असते, होस्ट ५६.१ वर. डीएचसीपी १०१ पासून वाटतो म्हणून मी ५६.१० आणि ५६.११ हाताने दिले. आत पहिलं कार्ड ईएनपी०एस३ दिसतं, दुसरं ईएनपी०एस८, ते उलटसुलट करू नका. आणि ब्रिज्ड (व्हीएम थेट बाहेरच्या नेटवर्कवर) करायचं असेल तर वायफायवर भरवसा ठेवू नका, ॲक्सेस पॉइंट साधारणपणे जोडलेल्या कार्डाच्याच मॅकची पॅकेटं घेतो. मी लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा लॅन अडॅप्टर आणला, तेव्हापासून शांतता आहे.

दादरहून:
विंडोजवाल्यांसाठी. एका जुन्या सर्व्हरचं व्हर्च्युअल कार्ड ई१००० वरून व्हीएमएक्सनेट३ वर बदललं आणि जुनाच स्टॅटिक आयपी टाकायला गेलो तर विंडोज म्हणतं हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला आधीच दिलाय. दुसरं अडॅप्टर दिसतच नाही! जुनं कार्ड काढलं तरी त्याची नोंद राहते, पत्त्यासकट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये शो हिडन डिव्हाइसेस केलं की ते फिकट रंगात दिसतं, तिथून अनइन्स्टॉल करा, मग आयपी टाका. कार्ड बदलायच्या आधी आयपी, मास्क, गेटवे, डीएनएस चारही लिहून ठेवा.

मीच तो नवीन मुलगा:
सरांनी मला लिहायला सांगितलं. माझ्या चारही व्हीएम एकाच टेम्प्लेटवरून केलेल्या, मॅक चारही वेगळे, हे मी तीनदा तपासलं होतं, तरी डीएचसीपीकडून सगळ्यांना एकच आयपी. कारण मशीन-आयडीची फाइल (लिनक्स स्वतःची ओळख त्यात ठेवतं) टेम्प्लेटमधून तशीच आली होती, आणि उबुंटूमध्ये सिस्टमडी-नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारा भाग) डीएचसीपीला आपली ओळख मॅकने नाही तर त्या आयडीवरून बनवून सांगतो. सर्व्हरला वाटलं एकच गिऱ्हाईक परत परत येतंय. आता टेम्प्लेट बंद करण्याआधी ती फाइल रिकामी करतो, डिलीट नाही, फक्त रिकामी, आणि नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक असं लिहितो.

अंधेरीहून:
माझी गोष्ट पावसाळ्यातली. आमचे होस्ट लोअर परळला, मी घरी, रात्रीची शिफ्ट, आणि रुळावर पाणी आल्याने गाड्या बंद. एका व्हीएमचा आयपी बदलायचा होता, एसएसएचवरूनच (दुरून केलेलं लॉगिन) नेटप्लॅनची फाइल बदलली आणि अप्लाय मारलं. स्क्रीन गोठली. पत्ता बरोबर होता, पण स्लॅश २४ च्या जागी स्लॅश २५ लिहिलं गेलं (हा आकडा नेटवर्क केवढं ते सांगतो, २५ म्हणजे अर्धंच), गेटवे २५४ वर, म्हणजे मशीनच्या हिशोबाने गेटवे तिच्या गल्लीतच नाही. हायपरवायझरचा कन्सोल घरून उघडता येत होता म्हणून वाचलो, नाहीतर त्या पाण्यातून जायचं कसं. त्या रात्रीपासून मी अप्लाय मारत नाही, नेटप्लॅन ट्राय मारतो. १२० सेकंदांत आपण एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते, कनेक्शन तुटलं तरी माणूस परत आत शिरू शकतो.

पण खरा धक्का नंतर बसला. सगळं नीट झालं, आठवड्याने रीबूट केलं आणि जुना आयपी परत! मी ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल बदलली होती आणि ती क्लाउड-इनिट स्वतः परत लिहू शकतं, फाइलच्या वर तसं लिहिलेलंही असतं, मी वाचलं नव्हतं. क्लाउड-इनिटला नेटवर्कचं काम बंद कर असं त्याच्या कॉन्फिगमध्ये सांगावं लागतं, मग आपली वेगळी फाइल टिकते. रीबूट करून बघितल्याशिवाय मी आता कुठलाही आयपी दिला असं म्हणत नाही. बाकी स्पेस मोजून द्या, नेटप्लॅनची फाइल यॅमल फॉरमॅटची असते आणि यॅमलला टॅब चालत नाही.

मुलुंडहून:
दोन कार्डं असतील तर डीफॉल्ट गेटवे एकालाच. मी दोन्हींना दिला होता, पॅकेट एका दारातून यायचं, उत्तर दुसऱ्या दारातून जायचं, मधला फायरवॉल ते टाकून द्यायचा. दुसऱ्या बाजूला लागेल तेवढाच रूट (पॅकेटची वाट) हाताने लिहा.

परत डोंबिवलीहून:
एक विचारू? केव्हीएममध्ये (लिनक्सचा हायपरवायझर) व्हीएमच्या आत परत केव्हीएम टाकलं तर आतलं डीफॉल्ट नेटवर्क सुरूच होत नाहीये.

ठाण्याहून, धागाकर्ता:
बाहेरचं नेटवर्क १९२.१६८.१२२ आहे ना? आतलं लिबव्हर्टही (केव्हीएमची नेटवर्कं सांभाळणारं सॉफ्टवेअर) तेच मागतं, आणि ती रेंज वापरात आहे म्हणून थांबतं. आतल्याला १९२.१६८.१३० दे, नेटवर्क एडिट करून, डीएचसीपीची रेंजही त्यातच बदल. झालं की इथे सांग.