अनुभव धागा : प्रतिष्ठागुण कशाचे मिळतात?

इंटरनेटवर अनोळखी माणसे जिथे एकमेकांना मोबदल्याविना मदत करतात, तिथे कोणाच्या शब्दावर किती विसंबावे हे ठरवण्यासाठी गुणांची पद्धत आली. हे गुण आपल्याला कसे मिळाले किंवा कसे गेले आणि त्यांच्यामुळे आपले वागणे बदलले का, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती. नुसते नियम सांगू नयेत, आपला प्रसंगही सांगावा. सुरुवात मी करतो.

प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांसाठी जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ साली स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले. तिथे प्रत्येकाची सुरुवात १ गुणाने होते. आपल्या उत्तराला अपव्होट, म्हणजे पसंतीचे मत, मिळाला की १० गुण वाढतात, प्रश्नकर्त्याने ते उत्तर स्वीकारले तर आणखी १५, आणि डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचे मत, पडला तर २ जातात. मात्र दुसऱ्याच्या उत्तराला डाउनव्होट देणाऱ्याचाही १ गुण कापला जातो. मला ही तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे नापसंती दाखवणाऱ्यालाही थोडी झीज सोसावी लागते. मतांमधून दिवसाला २०० गुणांपेक्षा अधिक मिळत नाहीत. १५ गुण झाले की अपव्होट देता येतो, ५० झाले की कोणाच्याही मजकुराखाली टिप्पणी करता येते आणि १२५ नंतर डाउनव्होटचा अधिकार येतो. म्हणजे हे गुण साठवून ठेवायचे नसून त्यांनी एकेक दार उघडत जाते.

आता माझा प्रसंग. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी ६ का येते, असे एकाने विचारले होते. आपण तो शब्द न, म, स्ते असा तीन अक्षरांत वाचतो, पण संगणक न, म, स, हलन्ताचे चिन्ह, त आणि एकाराची मात्रा असे सहा वेगळे घटक मोजतो. अक्षरे माणसासारखी मोजायची तर काय करावे, हे मी दोन रात्री जागून, जोडाक्षरांची उदाहरणे एकेक तपासून लिहिले. त्याला तीन अपव्होट मिळाले आणि उत्तर स्वीकारले गेले, म्हणजे एकूण ४५ गुण झाले. त्याच महिन्यात, दोन याद्या समान आहेत की ती एकच यादी आहे हे कसे ओळखावे, यावर मी चहा निवेपर्यंत चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी पुढे मला ४१ अपव्होट, म्हणजे ४१० गुण दिले. त्या चार ओळी बरोबरच होत्या आणि त्या अनेकांच्या उपयोगी पडल्या, त्यामुळे माझी तक्रार नाही. मात्र गुण हे कष्टांचे किंवा ज्ञानाचे माप नसून त्या वाटेने किती माणसे गेली याचे माप आहे, हे मला त्या दिवशी नीट कळले.

कोल्हापूर, सॉफ्टवेअर चाचणीचे काम

मी स्टॅक ओव्हरफ्लोवरच उत्तरे कमी दिली आणि इतरांचे मजकूर जास्त दुरुस्त केले. नवख्या सदस्याने सुचवलेली दुरुस्ती जुने सदस्य तपासतात आणि ती मान्य झाली की २ गुण मिळतात. या मार्गाने मिळणाऱ्या गुणांना एकूण १,००० ची मर्यादा आहे. २,००० गुण झाले की आपली दुरुस्ती तपासणीविना लागू होते, पण मग तिचे गुण मिळत नाहीत. ज्या दिवशी विश्वास मिळतो त्याच दिवशी मोबदला थांबतो, आणि तरीही दुरुस्त्या करत राहणारी माणसे तिथे आहेत. मला या पद्धतीतले हेच सर्वांत मोलाचे वाटते. उत्तर न मिळालेल्या एका जुन्या प्रश्नावर मी स्वतःच्या गुणांतून, चांगले उत्तर देणाऱ्यासाठी, १०० गुणांचे इनाम लावले होते. इनाम लावले की ते गुण परत मिळत नाहीत. आलेले उत्तर अपुरे होते, पण त्यातल्या एका वाक्याने माझा अडलेला गाडा पुढे सरकला.

गुहागर, घरगुती निवासव्यवस्था

मी गूगल नकाशांवर लोकल गाइड, म्हणजे ठिकाणांची माहिती स्वेच्छेने भरणारी सदस्य, म्हणून लिहिते. तिथे छायाचित्राला ५ गुण, अभिप्रायाला १०, नवे ठिकाण नोंदवण्यास १५ आणि चुकीची माहिती दुरुस्त करण्यास ५ गुण आहेत. २५० गुणांना चौथी पातळी येते, तर दहावी पातळी गाठायला १,००,००० गुण लागतात. एकाच मासळीच्या ताटाची चार बाजूंनी चार छायाचित्रे टाकली तर २० गुण होतात, आणि एखादी खाणावळ बंद झाल्याची खातरजमा करून ती नोंद सुधारली तर पाच. आमच्याकडे येणारे पाहुणे दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येतात, म्हणून मी धक्क्यावर उभे राहून वेळापत्रकाच्या फलकाचे छायाचित्र, अंक स्वच्छ दिसतील असे, तीनदा काढले. त्याचेही गुण पाचच, पण शेवटची बोट चुकू नये म्हणून लोक तेच बघतात.

सातारा, अध्यापिका

प्रश्नोत्तरांच्या एका संकेतस्थळावर मी पहिलाच प्रश्न विचारला आणि तासाभरात चार डाउनव्होट पडले. कारण कोणी लिहिले नाही, आणि खुलासा विचारावा तर दुसऱ्यांच्या मजकुराखाली टिप्पणी करण्याएवढे गुण माझ्यापाशी नव्हते. प्रश्न सदोष होता, हे मला आता मान्य आहे. मात्र ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काहीच नाही त्याला मुका दंड पडला की तो पुन्हा फिरकत नाही, आणि मीही दोन वर्षे फिरकले नाही.

न्यू जर्सी, निवृत्त

स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि चर्चांच्या संकेतस्थळावर प्रतिक्रियेला उणे १ ते ५ अशीच श्रेणी होती आणि ती देण्याचा अधिकार सदस्यांना आळीपाळीने, थोड्या दिवसांपुरता मिळत असे. ज्या चर्चेत आपण स्वतः बोललो तिथे तो वापरता येत नसे. लोक आपला ‘कर्मा’, म्हणजे खात्यावर जमलेली प्रतिष्ठा, खेळातल्या धावांसारखा मोजू लागले, तेव्हा तो आकड्याऐवजी शब्दांत दाखवला जाऊ लागला. आकडा दिसेनासा झाल्यावर माझे लिहिणे कमी झाले नाही, उलट ते सावकाश होऊ लागले.

बार्शी, ग्रंथपाल

मी मराठी विकिपीडियावर लिहितो. २००३ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात संपादने मोजली जातात, पण त्यांचे गुण होत नाहीत; मतभेद झाले तर चावडी या सर्वांच्या चर्चेच्या पानावर किंवा लेखाच्या चर्चा पानावर बोलून सोडवावे लागतात. त्यामुळे कोण किती भरवशाचा, हे कळायला त्याचा जुना इतिहास उघडून वाचावा लागतो. हे वेळखाऊ आहे, पण तो वाचताना माणूस कळतो. सात-आठ महिने गावांच्या लेखांवर काम केल्यानंतर एका सकाळी मला सूचना आली की, एका सदस्याने माझ्या एका संपादनाबद्दल धन्यवाद दिले आहेत. मी उत्सुकतेने ते पान उघडले. त्या संपादनात मी फक्त एका नदीच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली होती.