३१ गोल खाल्ले म्हणजे निकी सलापू जगातला सर्वात वाईट गोली?

शेवटचा बाक:
काल इथे एकाने "ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०" एवढं टाकून खाली लिहिलं की अमेरिकन सामोआचा निकी सलापू हा जगातला सर्वात वाईट गोलकीपर, याच्या जागी बुजगावणं उभं केलं असतं तरी दोन-चार अडले असते. वर दात काढणारे पन्नास जण. डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय, ज्याला कंटाळा येईल त्याने खाली जावं.

११ एप्रिल २००१, ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर, फुटबॉल वर्ल्ड कप क्वालिफायर. अमेरिकन सामोआ म्हणजे पॅसिफिकमधली अमेरिकेच्या ताब्यातली चिमुकली बेटं, त्यांच्या टीमचं काय झालं होतं माहितीये का? फिफा म्हणाली अमेरिकन पासपोर्ट दाखवा, आणि २० जणांतला खेळायला पात्र उरला एकटा सलापू. २० वर्षांखालची पोरं बोलवावीत तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा. शेवटी जे हाताला लागले ते आणले, त्यात १५ वर्षांची पोरं होती, काही जण तर आयुष्यात कधी पूर्ण ९० मिनिटं खेळले नव्हते. हाफटाइमला १६-०. ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसनने एकट्याने १३ मारले, झ्ड्रिलिकने ८. आता मला सांगा, यात गोलीने काय करायचं होतं? दोनच दिवस आधी याच ऑस्ट्रेलियाने टोंगाला २२-० हाणलं होतं, टोंगाचा गोली कोण ते कुणाला तरी आठवतंय का?

आणि मुख्य म्हणजे हा माणूस पळाला नाही. सिएटलला राहायला गेला, तो आकडा डोक्यातून जात नव्हता असं स्वतःच सांगायचा, तरी २०११ ला परत आला. शेजारच्या सामोआ देशातल्या आपिआमध्ये टोंगाला २-१ हरवलं, अमेरिकन सामोआचा क्वालिफायरमधला पहिला विजय, आणि गोलमध्ये हाच.

आकडेमोड:
छान लिहिलंय, डोळे पाणावले. पण ३१ म्हणजे ३१ हो. (खरं तर बोर्डावर ३२ लागले होते, नंतर मोजून ३१ केले, म्हणजे मोजणारासुद्धा दमला.) दहा वर्षांनी तोच गोली परत येतो याला तुम्ही जिद्द म्हणता, मी म्हणतो दुसरा गोली नव्हता. पन्नास-साठ हजार लोकवस्तीत कितीसे मिळणार? सहानुभूती वेगळी, दर्जा वेगळा. उद्या प्रत्येक हरणाऱ्यावर डॉक्युमेंटरी काढायची का?

कोल्हापुरी रस्सा:
आकडेमोड भावा तू कधी गोलला उभारलायस का? नसशील तर गप बस. आमच्या पेठेच्या मॅचला मी उभारलो होतो, ग्राउंडवर नुसता राडा, आमचे दोन्ही डिफेंडर गोल मारायच्या नादात पुढं आणि मागं मी एकटा, समोरनं तिघं येतायत. सहा खाल्ले. त्या डिफेंडरांची नावं कुणाला आठवत नाहीत पण मला अजून चौकात "अर्धा डझन" म्हणतात, माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटावर तेच लिहून आलंय. स्ट्रायकरनं दहा चान्स घालवले तर "नशीब नाही रे", गोलीनं एक सोडला तर आयुष्यभर.

मध्यरात्रीचा चहा:
सगळे भलत्याच मुद्द्यावर भांडताय. गोली चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, असल्या टीमला ऑस्ट्रेलियासमोर सोडलंच का? ऑस्ट्रेलियाचा कोच फरिनासुद्धा वैतागला होता यावर. क्रिकेटमध्ये २००७ ला बर्म्युडा आणलं, आपण ४१३ ठोकले, २५७ रन्सनी जिंकलो, बघणाऱ्याला काय मजा? आधी आपापसात खेळा, मग या.

वास्कोकर:
आला, क्रिकेटवाला आला! अरे बाबा, त्याच २००७ ला बांगलादेशने तुम्हाला हरवलं आणि तुम्ही पहिल्याच राउंडला घरी आलात, पाकिस्तानला आयर्लंडने घालवलं, ते का नाही लिहिलं? टीव्हीवाल्यांचे पैसे बुडाले, ही खरी पोटदुखी. मग २०१९ ला वर्ल्ड कप केला दहा टीमचा. दहा! आयर्लंड आणि झिम्बाब्वे दोघे टेस्ट खेळणारे, दोघे बाहेर. २०११ ला बंगळुरूत इंग्लंडला हरवणारं आयर्लंड बरं का, केविन ओब्रायनची ५० बॉलमध्ये सेंचुरी. आणि नाव काय, तर वर्ल्ड कप. आमच्या गावच्या स्पर्धेला याहून जास्त टीम येतात.

मध्यरात्रीचा चहा:
वास्कोकर, अंगावर येऊ नका. दहा टीम म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळतात, रोज चुरस. आणि फुटबॉलचा एवढा माज असेल तर २०१५ आठवा, क्वालिफायरमध्ये भारत ग्वामकडून २-१ हरला. ग्वाम! पॅसिफिकमधलं अमेरिकेचं एवढंसं बेट, नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली दिसेनासा होतो.

वास्कोकर:
माज कोण करतंय ते लोक बघतायत. निदान आम्ही हरलो तरी ग्वामला बाहेर काढा म्हणून बोंबललो नाही.

कोल्हापुरी रस्सा:
क्रिकेटसाठी वेगळा धागा काढा की राव. इथं गोलीचं चाललंय.

आकडेमोड:
ग्वाम निघालंच आहे तर, शेवटचा बाक, हा मुद्दा तुला फुकट देतो, उपकार मानू नकोस. याच ग्वामला इराणने २००० ला १९-० मारलं होतं. तेव्हा त्यांना कुणी "आपापसात खेळा" म्हणून कायमचं कोपऱ्यात बसवलं असतं तर १५ वर्षांनी आपला पोपट झाला नसता. पण हुरळून जाऊ नकोस. ग्वाम सुधारलं ते अमेरिकेत वाढलेले खेळाडू मिळाले म्हणून, त्यांचा डेलागार्झा तर एलए गॅलक्सी या अमेरिकन क्लबचा होता. म्हणजे ज्या पासपोर्टपायी अमेरिकन सामोआची टीम संपली त्याच पासपोर्टवर ग्वामची उभी राहिली. जिद्द वगैरे गाणी गाऊ नका, कागदपत्रं बघा.

शेवटचा बाक:
अरे मग मी पहिल्या परिच्छेदापासून काय सांगतोय? कागदपत्रांनीच मारलं त्या पोरांना! ते ३१ गोल सलापूच्या नावावर लागले आणि पासपोर्टवाल्या साहेबाचं नाव कुणाला माहीत नाही.

चहाचंही निम्मं कबूल करतो, बाकीच्या निम्म्यात क्रिकेट आहे. ओशनियाच्या (पॅसिफिकमधल्या देशांच्या) फुटबॉल संघटनेने नंतर दुबळ्या टीमसाठी वेगळा पहिला राउंड केला, ऑस्ट्रेलिया २००६ ला आशियाच्या संघटनेत निघून गेला, म्हणूनच २०११ ला अमेरिकन सामोआची गाठ टोंगाशी पडली. पण त्यांना बाहेर नाही काढलं, पायरी लावून दिली. आयसीसीने जिनाच काढून नेला.

आकडेमोड:
तरी ३१ मधले पाच अडवायला हरकत नव्हती.

कोल्हापुरी रस्सा:
अडवले होते रे, म्हणून ३१ वर थांबलं. गोलीनं अडवलेले बोर्डावर लागत नाहीत, तुझं नाव आकडेमोड, तुला हे सांगायला लागतंय?

मध्यरात्रीचा चहा:
निम्मं तर निम्मं, आभारी आहे महाराज. बाय द वे ग्वामची परतफेड आपण त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगळुरूत केली, १-०. हे सगळे सोयीस्कर विसरले.

वास्कोकर:
ग्वामला घरच्या ग्राउंडवर १-० हरवलं त्याला परतफेड म्हणतोस? चालू दे. २०२७ ला तुमचा वर्ल्ड कप परत १४ टीमचा होतोय, तेव्हा विचारतो आयर्लंडबद्दल.