मदत हवी आहे: तेरड्याच्या गौरी, पण तेरडाच मिळत नाही

आमच्याकडे कोकणातल्या पद्धतीने तेरड्याच्या गौरी येतात. मुळांसकट तेरडा लागतो, कारण मुळं म्हणजेच गौरीची पावलं. यंदा गावी जाणं होणार नाही, त्यामुळे बंगळुरातच बसवायच्या आहेत. मुखवटा, साडी, दागिने सगळं आहे. अडलंय ते तेरड्यापाशी.

के. आर. मार्केटमध्ये विचारून झालं. इथल्यांची गौरी तृतीयेलाच येते, गणपतीच्या आदल्या दिवशी, त्यामुळे आपल्या अनुराधा नक्षत्रावरच्या आवाहनाचं त्यांना काही सोयरसुतक नाही. नर्सरीत कुंडीतला बुटका, दुहेरी फुलांचा तेरडा मिळतो. मुळं असतात, पण जेमतेम बोटभर. त्यावर मुखवटा कसा तोलायचा?

सासूबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "जमेल तसं करा, पण चालत आलेलं मोडू नका." आता यातून काय समजायचं!

'खड्यांच्या बसवा' हा सल्ला आधीच मिळालाय. पण मग पुढच्या वर्षी गावी परत तेरड्याच्या आणता येतात का? कोणी असं केलंय का? की कुंडीतलाच तेरडा तांब्यात उभा करून मुखवटा मागे वेगळा टेकवला तर चालेल?