धागा: साडी-ओढणीची सक्ती, तीही १ जूनपासून?

भाट्येकरीण

आमच्या ऑफिसात (रत्नागिरीतली एक खासगी वित्तसंस्था, नाव नको) नोटीस लागली आहे. १ जूनपासून महिला कर्मचाऱ्यांनी साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस. ट्राऊझर, जीन्स, लेगिंग बंद. पादत्राणे पुढून बंद असलेली. पुरुषांसाठी एकच ओळ: 'कपडे नीटनेटके असावेत.'

ड्रेसकोडला माझा विरोध नाही. लोक ठेवीचे पैसे घेऊन काउंटरला येतात, तिथे रंग उडालेला टी-शर्ट शोभत नाही. पण कामाला साजेसं म्हणजे साडी नाहीतर ओढणी, हे कोणी ठरवलं? राज्य सरकारने ८ डिसेंबर २०२०ला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं होतं. जीन्स-टी-शर्टला त्यात मनाई होती, पण महिलांना साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता यांबरोबर ट्राऊझरवर कुर्ता किंवा शर्टही चालत होता. दुपट्टा होता तो 'आवश्यकता असल्यास'. म्हणजे आमचे साहेब मंत्रालयापेक्षा कडक निघाले.

त्यात पाऊस. साळवी स्टॉपला एसटीतून उतरून ऑफिसपर्यंत पोचले की साडीचा फॉल आणि आतला परकर घोट्यापासून वीतभर भिजलेला असतो. तसंच एसीत सहापर्यंत बसायचं. लाल चिखलाचे शिंतोडे मागच्या बाजूला उडतात, ते आपल्याला दिसत नाहीत, काउंटरपलीकडच्यांना दिसतात. कॉटनची सलवार जुलैत घरात वाळत घातली तर तिसऱ्या दिवशीही नाडीपाशी ओली असते. मग ओलसर असतानाच इस्त्री फिरवायची आणि दिवसभर तो कुबट वास अंगावर वागवायचा. याला टापटीप म्हणायचं?

माझ्या मते गडद रंगाची, घोट्याच्या वर संपणारी ट्राऊझर, मिक्स कापडाचा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, रस्त्याला रबरी चप्पल आणि बदलायला कपाटात एक साधा जोड. एवढ्यात बाई व्यवस्थित दिसते आणि कोरडीही राहते.

निवृत्त कॅशियर

मी राजापूर, देवगड, शेवटी रत्नागिरी असा बँकेचा काउंटर सांभाळला, सगळे पावसाळे साडीत. जून ते सप्टेंबर सिंथेटिक. झटकली की अर्धं पाणी जातं, पंख्याखाली तासाभरात सुकते. कॉटन दसऱ्यानंतर. पदराला पिन दोन ठिकाणी, परकर साडीपेक्षा दोन बोटं आखूड. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, बघून शिकलो. आताच्या मुलींना साडी जमत नाही म्हणून ती गैरसोयीची ठरते.

खेड्यातला म्हातारा आंबा-काजूचे पैसे ठेवायला येतो तो आधी समोरच्या माणसाकडे बघतो, व्याजदर मग विचारतो. विशीतली मुलगी साडीत असली की तिला 'बाई' म्हणतो, नाहीतर 'गो पोरी, मोठ्या साहेबांना बोलव' म्हणतो. हे चूक आहे हे मलाही कळतं. पण काउंटर त्याच्यासाठी आहे, त्याला सुधारण्यासाठी नाही.

भाट्येकरीण

काकू, पिनांचं मान्य. पण तुमच्या बोलण्यात बँकेपासून घर किती लांब ते आलं नाही. आमच्या दोघी पावस गावाकडून स्कूटरने येतात, अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. साडीवर रेनकोटची पँट चढवून दाखवा.

निवृत्त कॅशियर

स्टँडसमोरच राहायचे. तरी पुरात गुडघाभर पाण्यातून आले आहे हो, राजापूर म्हणजे काय ते माहीत असेल.

लोट्याची केमिस्ट

इथे ओढणी शिस्तीची म्हणून सांगतात, आमच्याकडे लॅबमध्ये ओढणी घेतली तर सेफ्टीवाला दारातून परत पाठवतो. कारण उघड आहे: फिरत्या शाफ्टमध्ये टोक अडकलं की गळ्याला फास. सिंथेटिकलाही आमच्याकडे मनाई, आग लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. म्हणून कॉटनचा शर्ट-पँट, वर एप्रन, सेफ्टी शूज, केस बांधलेले. कामाने कपडे ठरवले ते असे. (१९४८च्या कारखाना कायद्यातही चालू यंत्र हाताळणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं होतं. अर्थात, तो माणूस पुरुषच असावा असंही त्याच कलमात होतं!)

गंमत पुढे आहे. ऑडिटला बाहेरची मंडळी यायची असली की एचआरचा निरोप येतो, 'लेडीज स्टाफने साडी नेसावी, स्वागताला उभं राहावं.' डिग्री केमिस्ट्रीची, काम गुलाबाचं फूल द्यायचं. पुरुष केमिस्टला धोतर नेसून उभा केलेला मी अजून पाहिला नाही.

चिपळूणचा वाशिष्ठीकर

पुरुषांना मोकळीक आहे हा गैरसमज काढा. एमआरची (औषध कंपनीच्या प्रतिनिधीची) नोकरी करताना मे महिन्यात गळ्यात टाय घालून खेड ते गुहागर दवाखाने फिरलोय, घामाने कॉलर पिवळी. आम्ही धागे काढले नाहीत. पुरुषांना एकच ओळ असते, कारण पुरुष शर्ट-पँटशिवाय काही घालतच नाहीत. तुमच्यात पन्नास प्रकार, मग नियमही लांब होणार. आणि सरकारचा दाखला दिलात तर पूर्ण द्या. मार्च २०२४मध्ये शिक्षकांसाठी निर्णय निघाला, त्यात महिलांना साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टाच आहे, जीन्स-टी-शर्ट नाही. तिथे 'आवश्यकता असल्यास' नाही.

भाट्येकरीण

त्याच निर्णयात पुरुष शिक्षकांनी शर्ट पँटमध्ये खोचावा असंही आहे. म्हणजे पुरुषांसाठी नीट लिहिता येतं! आमचे साहेब जूनमध्ये पँट दोन घड्या दुमडून, पायात फ्लोटर घालून केबिनमध्ये बसतात. नीटनेटकं आहे का ते कोणी विचारायचं? टायचं म्हणाल तर तुमच्यावर अन्यायच झाला. तेव्हा धागा काढला असतात तर मी तुमच्या बाजूने लिहिलं असतं.

कुडाळची गजालवाली

माका एक सांगा, ह्यो नियम केल्यानी तेंनी कधी साडी नेसून स्कूटर चालवल्यानी काय? गेल्या पावसात आमच्या हापिसातल्या एकीचो पदर मागच्या चाकात गेलो. नशीब म्हणून पदर फाटलो, मान वाचली. दुसऱ्या दिवसापासून ती कुर्तो-पँट घालून येता. सायब कायएक बोलाक नाय.

सारवट

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. कपड्यांवर बंधन आलं तर मुलींच्याच भल्याचं आहे. घट्ट कपड्यांमुळे नको ते प्रकार होतात, मग तक्रारी, समित्या, ऑफिसचं वातावरण खराब.

लोट्याची केमिस्ट

राग मानते. कामाच्या ठिकाणी लैंगिक त्रास देणाऱ्याविरुद्ध २०१३चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि समितीने चौकशी करायची ती वागण्याची, कुर्त्याच्या लांबीची नाही. मीही एका समितीवर होते. तक्रार करणारी बाई साडीतच होती.

डेटा एन्ट्री, ९ ते ६

सगळ्यांचं वाचलं. आता मी सांगते ते कोणालाच आवडणार नाही. मला सक्ती हवी आहे, पण गणवेशाची.

तुम्ही ट्राऊझर-कुर्त्याचं स्वातंत्र्य मागता, त्याचा खर्च कोण देतं? कंत्राटी पगारात पावसाळ्याला चार जोड वेगळे, उन्हाळ्याला वेगळे, एक बंद चपलेचा जोड जो इथल्या पाण्यात एका सीझनमध्ये सोल सोडतो. कायम नोकरीवाल्या रोज वेगळा सेट घालून येतात आणि मधल्या सुट्टीत 'हा गेल्या सोमवारी घातला होतास ना' हे मला ऐकावं लागतं. साहेब काही म्हणत नाहीत, बायकाच म्हणतात. शाळेत गणवेश होता तेव्हा कोणाच्या घरी किती आहे ते कळत नव्हतं.

कापड आणि शिलाई ऑफिसने द्यावी. टेरिकॉटचा कुर्ता, सरळ पँट, दोन्हीला खिसे. खिसे लिहून घ्या, नाहीतर शिंपी बायकांच्या कपड्याला खिसा ठेवत नाही आणि मग किल्ल्या हातात. नेसणारीला त्याच रंगाची साडी.

निवृत्त कॅशियर

हे पटलं. साडीचा पर्याय ठेवलात म्हणून पटलं.

भाट्येकरीण

मला अर्धंच पटतंय. ऑफिसने शिवून दिलेला गणवेश म्हणजे निळा पॉलिएस्टर आणि बगलेत घट्ट, मुंबईच्या एजन्सीचे दोन मापांतले. पण खर्चाचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, तो पत्रात घालते. सोमवारी अकरा जणींच्या सह्यांचं पत्र देणार आहोत: नोटीस रद्द करा, महिला कर्मचाऱ्यांना विचारून नवीन काढा, पुरुषांनाही तोच तपशील लागू करा.

वाशिष्ठीकर

रद्द होणार नाही. पैज.

निवृत्त कॅशियर

मीही वाशिष्ठीकरांच्याच बाजूची, तरी सांगते. 'रद्द करा' लिहिलंत की साहेब पुढचं वाचणार नाहीत, फाइलला लावतील. 'सुधारणा करावी' लिहा. ओढणीच्या आधी 'ऐच्छिक' एवढाच शब्द मागा, ट्राऊझर 'जून ते ऑक्टोबर' अशी मागा. एकदा मिळाली की नोव्हेंबरात कोणी काढून घेत नाही. आणि पत्र सोमवारी नको, त्या दिवशी साहेबांची मीटिंग असते, डोकं तापलेलं असतं. बुधवारी द्या. वरच्या नावांत एखादी साडीवाली ठेवा.